लोखंड लाटणारी माणसं

लखनौ म्हटलं की आपल्या माणसाला नवाब आठवतात, चिकनचा कुर्ता आठवतो, कबाब आठवतात. गाण्याची आवड असेल तर पंडित विष्णु नारायण भातखंडे आठवतात, कारण १९२६ साली त्यांच्या पुढाकारानं इथे सुरू झालेलं संगीत महाविद्यालय आज विद्यापीठ होऊन त्यांच्याच नावानं कैसरबागेत उभं आहे. मराठी माणूस लखनौला काय घेऊन आला, हे आपण अभिमानानं सांगतो. लखनौच्या आसपासचा माणूस महाराष्ट्रात काय ठेवून आला, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. आजचा भाग त्यावर आहे. ही गोष्ट गाण्याची नाही, लोखंडाची आहे.

मी सैन्यात इंजिनिअर्समध्ये होतो, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा. पूल, बंकर, छावण्यांची छतं यांत उमेद गेली. त्यामुळे सळई ही वस्तू मी आयुष्यभर हाताळली, वाकवून पाहिली, तपासून घेतली, क्वचित परतही पाठवली. पण ती तयार करणाऱ्या माणसाशी बोलायची वेळ नोकरीत कधी आली नाही. ती आली निवृत्तीनंतर. लखनौ छावणीला लागून तेलीबाग नावाची वस्ती आहे, आम्हा निवृत्त फौजींचं ते माहेरघरच. तिथे माझ्या घराचा वरचा मजला चढत होता तेव्हा ठेकेदारानं रात्रीचा पहारेकरी म्हणून एक वयस्कर गृहस्थ आणून बसवले होते. बाराबंकी जिल्ह्यातले, सत्तरीचे. एकदा सळयांचा गठ्ठा उतरवला, तेव्हा त्यांनी एका सळईवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कर्नल साहब, ही ओढली तेव्हा रोल झिजलेला होता. वजनाला भारी भरेल."

आता १२ मिलिमीटरच्या सळईचं एक मीटरचं वजन किती असावं, याचं गणित प्रत्येक इंजिनिअरला तोंडपाठ असतं. जाडीचा वर्ग करा, १६२ नं भागा. येतात ८८८ ग्रॅम. मी एक मीटरचा तुकडा कापून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला. भरले ९२५ ग्रॅम. नियमात बसणारं वजन होतं, पण भारी होतं खरं. मी विचारलं, चाचा, हे तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, १९ वर्षं मुंबईत रोलिंग मिलमध्ये काढली, अंगठ्याला एवढं तरी कळायला नको?

त्यांच्यामुळे दुसरे भेटले, दुसऱ्यांमुळे तिसरे. पुढच्या चार वर्षांत मी सात जणांशी बोललो. बाराबंकीचे दोन, रायबरेलीचे तीन, उन्नावचे एक, सुलतानपूरचे एक. कोणी मुंबईच्या दारूखान्याजवळ काम केलेलं, कोणी कुर्ल्याला, तिघांनी जालन्यात. सगळ्यांचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित केलं आहे. नावं मी इथे घेणार नाही, तशी त्यांची अट होती. गिरण्यांची नावंही घेणार नाही. त्यातल्या काही अजून चालू आहेत आणि यांचे पुतणे-भाचे तिथेच कामाला आहेत.

आधी हे काम असतं तरी काय, ते सांगतो. रोलिंग म्हणजे चक्क लाटणं. पोळी लाटताना आपण गोळा पोळपाटावर ठेवून लाटणं फिरवतो. इथे लाटणी दोन किंवा तीन असतात, ती जागेवरच फिरतात आणि त्यांच्या मधल्या फटीतून तापलेला लोखंडाचा ठोकळा जातो. या लाटण्यांवर खाचा कापलेल्या असतात. पहिली खाच मोठी, पुढची लहान, त्यापुढची आणखी लहान. प्रत्येक खाचेतून जाताना ठोकळा बारीक होतो आणि लांब होतो. शेवटच्या खाचेत नक्षी कोरलेली असते, तीच आपण सळईवर कंगोरे म्हणून पाहतो. १०० मिलिमीटर चौकोनी आणि एक मीटर लांब असा ठोकळा, त्याला बिलेट म्हणतात, तो १२ मिलिमीटरच्या सळईत उतरला की जवळजवळ ८८ मीटर लांब होतो. हातभर वस्तूची बघता बघता गल्लीच्या टोकापर्यंत जाणारी वस्तू होते. आणि हे सगळं होताना ती लालभडक असते.

युरोपात लोखंडाचा गज आधी घणानं ठोकून काढत. १७८३ साली इंग्लंडच्या हेन्री कोर्टनं खाचांच्या रोलांचं पेटंट घेतलं आणि घणाचं राज्य संपत आलं. १८२० मध्ये जॉन बर्किनशॉनं याच रीतीनं रेल्वेचा रूळ लाटला. बोरीबंदर ते ठाणे १८५३ साली गाडी धावली ती विलायतेहून आणलेल्या रुळांवर. आपल्याकडे बिहारमधल्या जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात १८७० च्या सुमारास रोलिंग मिल बसली. टाटांची कंपनी १९०७ ची, तिचं पहिलं पोलाद फेब्रुवारी १९१२ चं. एवढं सगळं पुस्तकात सापडतं. जमशेटजी, दोराबजी, भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस, सगळ्यांची नावं सापडतात. सांडशी धरणाऱ्याचं सापडत नाही.

सांडशी म्हणजे स्वयंपाकघरातलीच, पण तीन-चार फूट लांब आणि वजनदार. जुन्या हातमिलमध्ये सगळा खेळ तिचाच. रोलमधून सळईचं टोक बाहेर पडतं, समोर उभा असलेला माणूस ते सांडशीत पकडतो, जागच्या जागी अर्धा वळसा घेतो आणि तेच टोक शेजारच्या खाचेत परत घालतो. मागची सळई अजून पहिल्या खाचेतून येतच असते. म्हणजे तिचा मोठा वेढा जमिनीवर त्याच्याभोवती सरपटत राहतो आणि हा त्या वेढ्याच्या आत उभा. बाराबंकीचे चाचा म्हणाले, "नवा पोरगा सळईकडे बघतो. जुना माणूस बघत नाही. तो आवाज ऐकतो. ठोकळ्यानं रोल पकडला की आवाज बदलतो. तिथून मनात मोजायचं, एक, दोन, आणि हात पुढे. टोक हातात आलेलंच असतं." बघून पकडायला गेलात तर उशीर होतो. शेवटच्या खाचांपाशी सळई माणसाच्या धावेपेक्षा जास्त वेगानं येते.

टोक खाचेत नीट बसलं नाही तर सळई उसळते. एका जागी अडली, पण मागून येतच राहिली, की तिला जायला वाट राहत नाही. ती हवेत उठते, वेटोळी घेते, कुठेही पडते. मिलच्या भाषेत याला 'कॉबल' म्हणतात. सातही जणांना मी विचारलं, किती वेळा पाहिलं? सगळे हसले. रायबरेलीच्या एकांनी शर्टाची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत, केस न उगवणारी पट्टी. "ही १९९७ ची. त्या दिवशी नवीन रोल चढवला होता." त्यांच्या शेजारी उभा असलेला मुलगा वाचला नाही. मालकानं घरी पैसे पाठवले का, असं मी विचारलं. उत्तर मिळालं, "मुकादमानं वर्गणी केली." यापुढे ते बोलले नाहीत आणि मीही खोदून विचारलं नाही.

इतक्या उष्णतेसमोर माणूस सलग उभा राहू शकत नाही. म्हणून जोड्या असत. अर्धा तास एक जोडी, अर्धा तास दुसरी. ऐकायला सोपं वाटतं, पण १२ तासांची पाळी असेल तर सहा तास आगीसमोर झाले. उरलेल्या अर्ध्या अर्ध्या तासात काय करायचं? बाहेर येऊन बसायचं, मीठ घातलेलं पाणी प्यायचं, गुळाचा खडा तोंडात टाकायचा. मार्च ते जूनमध्ये बाहेरही ४२ अंश. पण भट्टीपुढून आलेल्याला जालन्याचं ते ऊनही गार वाटायचं, असं दोघांनी वेगवेगळं सांगितलं. पायात टायरच्या चपला, डोक्याला ओला गमछा, हाताला पोत्याची पट्टी. हेल्मेट आणि बूट होते का? होते. साहेब लोक येणार असले की बाहेर काढत.

भट्टीवरच्या माणसाचं कसब वेगळं. ठोकळा साधारण ११०० ते १२०० अंशांपर्यंत तापावा लागतो. कमी तापला तर रोल तुटण्याचा धोका, जास्त तापला तर वरचं लोखंड पापुद्रा होऊन गळून जातं आणि मालक वजन मोजून ओरडतो. जुन्या भट्ट्यांवर तापमापक कुठला? सुलतानपूरचे गृहस्थ २२ वर्षं भट्टीवर होते. त्यांचं मापक असं: संत्र्याच्या सालीचा रंग असेल तर थांबा, पिकल्या केळ्याचा रंग आला की काढा, आणि केळ्यावरून चांदण्याकडे झुकला तर गेला. सैन्यात असताना आमच्या वेल्डरकडून मी हेच ऐकलं होतं, फक्त तो फळांऐवजी दारूच्या रंगांनी सांगायचा. रंगाची ही वाचणी पुस्तकातल्या आकड्यांशी ताडून पाहिली तर बरोबर बसते. २२ वर्षं आगीत बघून त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. काच फुंकणारे, भट्टीवाले यांना हा आजार लवकर होतो, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आता प्रश्न असा की अवधचा शेतकऱ्याचा मुलगा महाराष्ट्रात सळई ओढायला गेला कसा? आणि मुळात जालन्यात पोलाद कसं? तिथे ना खनिज लोखंड, ना कोळसा, ना बंदर. 'जालना सोने का पालना' ही म्हण आहे खरी, पण ते सोनं कापसाचं आणि व्यापाराचं. नंतर १९६४ पासून महिकोमुळे जालना बियाण्यांचं गाव म्हणून देशभर गाजलं. मग पोलाद?

याचं एक मोठं कारण दिल्लीत घेतलेल्या निर्णयात आहे. १९५६ पासून केंद्र सरकारनं पोलादाच्या वाहतुकीचा खर्च देशभर समान करून टाकला. भिलाई किंवा जमशेदपूरहून निघालेलं पोलाद जवळ घ्या नाहीतर हजार किलोमीटरवर घ्या, भाव सारखाच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हे धोरण चाललं. बिहार-बंगालला याचा फटका बसला, तो वेगळा विषय आहे. पण त्यामुळे खाणीपासून दूर, बाजारपेठेजवळ लहान मिल काढणं परवडू लागलं. पंजाबात मंडी गोविंदगड उभं राहिलं, आपल्याकडे मुंबईच्या आसपास आणि नंतर जालन्यात मिल आल्या. या लहान मिल ठोकळा विकत आणत किंवा भंगार वापरत. दारूखान्यात जुनी जहाजं तोडत, त्यांच्या पत्र्याच्या पट्ट्या कापून त्यांच्याच सळया होत. रेल्वेचे जुने रूळही असेच फाडून लाटत. रुळाच्या पोलादात कार्बन जास्त असतो, त्यामुळे अशी सळई वाकवताना तडकू शकते. आम्ही सॅपर म्हणूनच तिच्याकडे जरा संशयानं बघायचो. पण मुंबईच्या कित्येक जुन्या चाळींच्या दुरुस्तीत कुठल्यातरी जहाजाचं अंग गेलेलं असणार.

हे काम शिकवलं कोणी? बाराबंकीच्या चाचांचे उस्ताद पंजाबी होते. ते मला अगदी पटलं, कारण या धंद्याचा एक धागा थेट लाहोरला जातो. मुकंद ही कंपनी १९२९ मध्ये लाहोरला सुरू झाली. १९३७ मध्ये गांधीजींच्या सांगण्यावरून जमनालाल बजाज आणि जीवनलाल शहा यांनी ती हाती घेतली आणि १९३९ च्या सुमारास मुंबईत रे रोडला तिची रोलिंग मिल आली. म्हणजे वर्ध्याच्या शेठजींची कंपनी, लाहोरचं मूळ, मुंबईची जागा. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी मिस्त्र्यांनी हे हुन्नर उत्तरेतही पसरवलं. त्यांच्या हाताखाली पूर्वेकडची पोरं आली. गावातला एक जण लागला की तो पुढच्या हंगामात चार जण घेऊन जायचा. लखनौहून पुष्पक एक्सप्रेस, जनरल डबा. जालन्याला जायचं तर मनमाडला उतरायचं आणि औरंगाबादकडची गाडी धरायची. करमाड, बदनापूर, जालना ही स्टेशनांची नावं रायबरेलीच्या त्या तिघांनी मला ओळीनं म्हणून दाखवली. बदनापूरचं नाव लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

मिलमधली भाषा हा मला सगळ्यात रंगलेला विषय. उन्नावचे गृहस्थ रोल टर्नर होते, म्हणजे झिजलेल्या रोलवर पुन्हा खाच कापणारे. मिलमधला हा सगळ्यात मानाचा कारागीर. खाच कागदभर चुकली तर दिवसभराचा माल भंगारात. त्यांच्या जोडीला अंबड तालुक्यातला एक मराठी टर्नर होता. दोघांची ११ वर्षं एकाच लेथवर पाळीपाळीनं गेली. यांचं मराठी आजही असं आहे की मी चकित झालो. पण ते कसलं मराठी? "धर", "सोड", "हळू घे", "आलो रे", "जेवलास का?" वर्तमानपत्र वाचता येत नाही, भाषण समजत नाही, पण लेथवरचं मराठी पक्कं. पंढरीची वारी जालन्यावरून जाताना पाहिलेली, म्हणून 'माउली' हा शब्दही येतो. मी फोन केला की ते "काय माउली" म्हणूनच सुरुवात करतात. लखनौत कुणी तरी मला माउली म्हणतं, ही गंमत मी बायकोला आवर्जून सांगितली.

लेथ आवाजापासून थोडा दूर असतो, म्हणून तिथे बोलता येतं. रोलपाशी बोलणं अशक्य. तिथे खुणा. मूठ वर म्हणजे थांब, दोन बोटं आडवी म्हणजे पुढच्या खाचेत घाल, तळवा खाली दाबला म्हणजे भट्टी मंद कर. आमच्याकडे रणगाड्यांच्या ताफ्यात आणि रात्रीच्या गस्तीत हातांच्या खुणा असतात. त्या पुस्तकात छापलेल्या असतात, त्यांची परीक्षा होते. यांच्या खुणा कुठेही छापलेल्या नाहीत.

आवाजाची किंमत वेगळी मोजावी लागली. सातपैकी पाच जणांशी मला ओरडून बोलावं लागलं. गोंगाटानं येणारं बहिरेपण कायद्याच्या यादीत व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेलं आहे, त्यासाठी भरपाई मागता येते. यातल्या एकानंही मागितली नाही. मागायची तर आपण तिथे कामाला होतो हे आधी सिद्ध करावं लागतं. आणि इथे खरी मेख आहे. पाच जणांकडे एकही कागद नाही. ना नेमणूकपत्र, ना पगाराची पावती, ना भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक. ते ठेकेदाराचे कामगार होते. हजेरी मुकादमाच्या वहीत. वही भरली की नवी यायची. जुनीचं काय व्हायचं, विचारलं तर एकानं सांगितलं, "चहा करायला."

सैन्यात एक साधी गोष्ट असते, नॉमिनल रोल. दहा जणांची तुकडी एका गाडीतून पाच किलोमीटर जाणार असली तरी नावांची यादी निघते. नाव, क्रमांक, हुद्दा, घरी कोणाला कळवायचं. हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्याचं महत्त्व कळत नाही. मिलमध्येही रोल होते, पण नावांचा नव्हता. कायदा मात्र होता. परराज्यातून ठेकेदारामार्फत आणलेल्या कामगारांसाठी १९७९ सालचा कायदा. त्यात लिहिलं होतं की ठेकेदारानं प्रत्येकाला फोटो लावलेलं पासबुक द्यावं आणि घरून कामावर येण्याचं व परत जाण्याचं भाडंही द्यावं. परतीचंही. मी हे सातही जणांना वाचून दाखवलं. पासबुक एकानंही पाहिलेलं नव्हतं.

आता बदनापूर. मे २०२०, टाळेबंदीचा दुसरा महिना. जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात काम करणारे २० जण ७ मेच्या संध्याकाळी चालत निघाले. मध्य प्रदेशातल्या शहडोल, उमरिया भागातले. भुसावळहून आपल्या राज्याकडे गाडी मिळेल अशी आशा होती. काही अंतर रस्त्यानं, मग बदनापूरजवळ रूळ धरला. रूळ धरला की वाट चुकत नाही, हे आम्हालाही नकाशावाचनात शिकवतात. ३६ किलोमीटर चालून झालं आणि करमाडजवळ सटाणा गावाच्या हद्दीत ते थकून रुळांवरच बसले, तिथेच झोपले. टाळेबंदीत गाड्या बंद आहेत, असा त्यांचा समज होता. प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या चालू होत्या. ८ मेला पहाटे सव्वापाचच्या सुमारास रिकाम्या टाक्यांची मालगाडी आली. चालकानं पाहिलं, भोंगा वाजवला, थांबवायचा प्रयत्न केला. १६ जण गेले. रुळांवर पडलेल्या पोळ्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले.

त्या वेळी मला अनेकांनी विचारलं, रुळांवर कोणी झोपतं का? रूट मार्च केलेला माणूस हा प्रश्न विचारत नाही. रात्रभर ३५ किलोमीटर चालल्यावर शरीर बसतं तिथे झोपतं. मी जवानांना बर्फात उभ्याउभ्या झोपताना पाहिलं आहे. आणि त्यांच्याबरोबर पुढे-मागे पहारा ठेवणारा सुभेदार असतो, यांच्याबरोबर कोणी नव्हतं.

दुसरी एक गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही. गेलेल्यांतले अनेक गोंड होते, आणि ज्या पट्ट्यातून ते आले तो मैकल डोंगराचा परिसर म्हणजे या देशातल्या जुन्या लोहारांचं घर. अगरिया ही तिथली जमात मातीच्या भट्टीत, पायानं भाता दाबून, दगडातून लोखंड काढायची. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर आख्खा ग्रंथ लिहिला. कारखान्याचं स्वस्त लोखंड आलं आणि त्या भट्ट्या विझत गेल्या. त्याच मुलखातली पोरं पुढे कारखान्याच्या लोखंडापाशी मजूर म्हणून आली. इतिहासाच्या पुस्तकात हे दोन वेगळे धडे आहेत, एक आदिवासी संस्कृतीचा आणि दुसरा औद्योगिक विकासाचा. मला ते एकाच जागेचे वाटतात.

त्याच आठवड्याची लखनौची बाजूही सांगतो. २ मेला नाशिक रोडहून निघालेली पहिली श्रमिक गाडी ३ मेच्या सकाळी चारबाग स्टेशनात आली, आठशेहून अधिक माणसं घेऊन. पुढे गाड्यांची रीघ लागली. रायबरेलीच्या चाचांचा पुतण्या तेव्हा जालन्यातच होता, पण त्याचा नंबर गाडीत लागला नाही. तो आधी ट्रकनं, मग पायी, मग पुन्हा ट्रकनं नवव्या दिवशी घरी पोचला. चाचांना टीव्हीवर सटाण्याची बातमी कळली तेव्हा तो वाटेत होता आणि त्याचा फोन बंद होता. दोन दिवस घरात चूल पेटली नाही. मरणाऱ्यांची यादी टीव्हीवर सगळ्यांत शेवटी आली, कारण ती करायला आधी नावं गोळा करावी लागली.

तो पुतण्या जानेवारी २०२१ मध्ये परत गेला. पुष्पकनंच. मी चाचांना विचारलं, तुम्ही जाऊ दिलंत? ते म्हणाले, "इथे काय आहे? आणि तिथे आता सांडशी राहिली नाही." ते खरंच आहे. नव्या मिलमध्ये ओतलेला ठोकळा गरम असतानाच थेट रोलकडे जातो, सळई नळीतून आपली आपण वळते, शेवटी पाण्याच्या झोतात तिची साल कडक होते आणि आतली ऊब तिला पुन्हा थोडी नरम करते. टीएमटी म्हणतात ती हीच. पुतण्या काचेच्या खोलीत बसून बटणं दाबतो. काकाची खूण त्याला ओळखता येत नाही, त्याची त्याला गरज नाही. त्याला भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक मात्र आहे, तो त्यानं मला फोनवर दाखवला.

मी त्या खुणा लिहून काढल्या आहेत. प्रत्येकीचं चित्र माझ्या नातीनं काढलं, बाराबंकीच्या चाचांनी ती तपासली, चुकलेली बोटं दुरुस्त करून घेतली. एकूण १२ झाल्या. त्यांतल्या ११ वर मुंबईच्या आणि जालन्याच्या माणसांचं एकमत आहे. बाराव्या खुणेत उजव्या हाताची बोटं गळ्याजवळ नेऊन दोनदा हलवायची. मुंबईवाले म्हणतात, याचा अर्थ 'पाणी आण'. जालनेवाले म्हणतात, 'माझी पाळी झाली, दुसरा पाठव'. दोघांनाही मी समोरासमोर बसवलं, अर्धा तास वाद झाला, कोणी मागे हटलं नाही. वहीत मी दोन्ही अर्थ लिहून ठेवले आहेत.